इलिश, कोळंबी आणि मशाल : कलकत्त्यातील फुटबॉल-विजयोत्सवाचा इतिहास

१. विषयप्रवेश

विजय साजरा करण्याच्या रीतींकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. लढाई कोणी जिंकली हे बखरकार टिपतो. जिंकल्यावर घरोघर काय शिजले, कोणते शब्द उच्चारले गेले आणि हरलेल्या शेजाऱ्यास कोणत्या नावाने हाक मारली गेली, हे सहसा टिपले जात नाही. परंतु समाजाच्या मनात काय साठून राहिले आहे हे जाणावयाचे असेल तर या दुसऱ्या प्रकारच्या सामग्रीचाच उपयोग अधिक होतो. कलकत्ता (२००१ पासून अधिकृत नाव कोलकाता) येथील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन फुटबॉल क्लबांमधील सामना व त्यानंतरचा विजयोत्सव हे अशा सामग्रीचे एक समृद्ध उदाहरण आहे. या सामन्यास आज ‘डर्बी’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला असला, तरी जुन्या पिढीच्या तोंडी त्याचे नाव ‘बड़ो मॅच’, म्हणजे ‘मोठा सामना’, एवढेच आहे. मोठा कोणत्या अर्थाने, याचे स्पष्टीकरण देण्याची गरज तेथे कोणालाच वाटत नाही.

प्रस्तुत निबंधात सामन्यांच्या निकालांचा क्रमवार वृत्तान्त अभिप्रेत नाही. विजयोत्सवाची जी एक सांकेतिक भाषा या शहरात घडली, ती केव्हा आणि का घडली, आणि जिच्यातून ती घडली ती सामाजिक परिस्थिती पालटल्यावरही ती का टिकली, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

२. पहिला उत्सव : परक्यावरील विजय

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात झाली. इंडियन फुटबॉल असोसिएशन ही संस्था १८९३ मध्ये निघाली आणि तिच्या ढालीसाठी (शिल्डसाठी) होणारी स्पर्धा ही गोऱ्या पलटणींची जणू मिरासदारी होती. २९ जुलै १९११ रोजी या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव केला. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. संघातील सुधीर चॅटर्जी यांच्याखेरीज सारे खेळाडू अनवाणी खेळले होते. मैदानाभोवतीची गर्दी एवढी होती की, मागे उभ्या असलेल्यांना खेळ दिसत नव्हता. त्यांना धावसंख्या कळावी म्हणून पतंग उडविले गेले.

त्या दिवशीच्या आनंदोत्सवास १९०५ च्या वंगभंगाची पार्श्वभूमी होती, हे सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. त्या उत्सवात बंगाल्याचे दोन भाग पडलेले नव्हते. कर्णधार शिवदास भादुरी यांचे घराणे पूर्व बंगालातील फरीदपूरचे होते. संघातील इतरही अनेकांची मूळ गावे पद्मेच्या पलीकडची होती. कलकत्त्यातील मुसलमानांनीही या विजयाचा आनंद आपला मानला. प्रतिपक्ष परका होता, म्हणून जिंकणारा तो सारा ‘आपला’ होता. १९११ चा उत्सव हा अशा रीतीने एका अखंड समूहाचा उत्सव होता. पुढील अर्धशतकात कलकत्त्याच्या मैदानावर जे घडले ते या अखंड समूहाचे विभाजन होय.

३. शेजारी प्रतिस्पर्धी कसा झाला

ईस्ट बंगाल क्लबच्या जन्माची हकीकत एका अपमानाची आहे. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान क्लब मोहन बागानविरुद्ध उतरला. त्या वेळी जोडाबागानच्या संघातून शैलेश बोस या खेळाडूस वगळण्यात आले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्यास हरकत घेतली. ती मानली गेली नाही, तेव्हा ते बाहेर पडले. वगळण्याचे खरे कारण शैलेश बोस हे पूर्व बंगालचे, हेच होय, असा त्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा समज झाला. तीन-चार दिवसांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, नवा क्लब स्थापन झाला व त्यास प्रदेशाचेच नाव देण्यात आले. या नावाचे महत्त्व भाषेच्या अभ्यासकास चटकन जाणवावे. ‘मोहन बागान’ हे एका वाड्याचे, बागेचे नाव. ‘ईस्ट बंगाल’ हे एका दिशेचे आणि देशाचे नाव. पहिल्यात वस्तीचा निर्देश आहे, दुसऱ्यात मुळाचा.

लीगमधील या दोन संघांचा पहिला सामना २८ मे १९२५ रोजी झाला व नेपाळ चक्रवर्ती यांच्या गोलामुळे तो ईस्ट बंगालने १–० असा जिंकला. तथापि तेवढ्यावरून त्या काळी हीच शहरातील मुख्य स्पर्धा होती असे समजणे चुकीचे ठरेल. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकली आणि त्या दशकातील मैदानावरचा ताण मुख्यतः हिंदू-मुसलमान या अंगाने वाढत गेला. मोहन बागानला पहिले लीग विजेतेपद १९३९ मध्ये, तर ईस्ट बंगालला १९४२ मध्ये मिळाले. पूर्व-पश्चिम हा भेद होता. पण तो अजून चेष्टेचा होता, जिव्हारी लागणारा नव्हता. सुट्टीत आगबोटीने आपल्या गावी जाऊन येणाऱ्या माणसाला ‘तुझे गाव तिकडचे’ असे म्हटल्याने फारसे काही बिघडत नाही.

४. फाळणी आणि उत्सवाचा नवा अर्थ

१९४७ मध्ये ते गाव परदेशात गेले. १९५१ च्या शिरगणतीत पश्चिम बंगालमध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांची संख्या सुमारे २१ लक्ष भरली, आणि ओघ त्यानंतरही थांबला नाही. सियालदा स्थानकाचे फलाट हेच कित्येक कुटुंबांचे पहिले घर ठरले. शहराच्या दक्षिणेस जादवपूर, विजयगड, आझादगड, नेताजीनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील बऱ्याच रिकाम्या जमिनी बळकावून वसविलेल्या होत्या. शहराच्या जुन्या रहिवाशांच्या दृष्टीने हे आगंतुक होते. नोकरी, घर, बाजार या प्रत्येक ठिकाणी त्यांचा भार जाणवत होता. आलेल्यांच्या दृष्टीने ते आपल्याच भाषेच्या मुलखात आले होते आणि तरीही परके ठरले होते.

अशा काळात ‘ईस्ट बंगाल’ हे नाव भारताच्या नकाशाबाहेर गेले होते. सरकारी कागदांत तो प्रथम ‘पूर्व बंगाल’ प्रांत आणि १९५५-५६ पासून ‘पूर्व पाकिस्तान’ झाला. भारतात हे नाव उघडपणे, अभिमानाने आणि हजारोंनी एकत्र येऊन उच्चारण्याची एकच जागा उरली होती. ती म्हणजे कलकत्त्याचे मैदान. योगायोग असा की, नेमक्या याच वर्षांत क्लबचा सुवर्णकाळ आला. १९४९ मध्ये ईस्ट बंगालने लीग, शिल्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. १९४९, १९५० व १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षे शिल्ड त्याच्याकडे राहिली. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या पाच आघाडीच्या खेळाडूंना लोक ‘पंचपांडव’ म्हणत.

या पाचांपैकी एकही बंगाली नव्हता. सारे दक्षिण भारतातून आलेले होते. उलट पक्षी, मोहन बागानचे ज्यांना ‘चीनची भिंत’ म्हटले जाई ते गोष्ठ पाल फरीदपूरकडचे होते. आणि ज्यांनी आपली सारी कारकीर्द मोहन बागानला वाहिली ते चुनी गोस्वामी १९३८ मध्ये पूर्व बंगालातील किशोरगंज येथे जन्मले. अर्थात खेळाडूंच्या मुळाशी या भेदाचा संबंध नव्हता. मैदानात कोण खेळतो यावरून ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ ठरत नसे, तर गॅलरीत कोण बसतो आणि सामना संपल्यावर कोणाच्या घरी काय शिजते यावरून ठरे. या वादाचा खरा आशय खेळात नसून उत्सवात होता, असे जे येथे प्रतिपादन करावयाचे आहे, त्यास हा मुख्य पुरावा होय.

निर्वासिताच्या जीवनात तेव्हा जिंकण्यासारखे फारसे काही नव्हते. घरदार, जमीन, पदवीचे मोल, शेजार या सर्व बाबतींत तो हरलेला होता. नव्वद मिनिटांच्या खेळात मात्र तो यजमानाशी बरोबरीने उभा राहत असे आणि कधी कधी जिंकतही असे. म्हणून त्याचा जल्लोष एका सामन्याच्या मानाने नेहमीच जास्त वाटे. तो त्या सामन्यापुरता नव्हताच.

५. माशांची भाषा

उत्सवाचे सर्वात प्रसिद्ध चिन्ह मासळी हे आहे. ईस्ट बंगाल जिंकला की त्याच्या चाहत्यांच्या घरी इलिश, म्हणजे हिलसा मासा, शिजतो. मोहन बागान जिंकला की ‘गलदा चिंगडी’, म्हणजे गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी. विजेत्यांच्या मिरवणुकीत हेच जिन्नस काठीला बांधून नाचविले जातात. त्या संध्याकाळी बाजारात ज्याचा भाव चढेल त्यावरून निकाल कळतो, असे कलकत्त्यात गमतीने म्हटले जाते. पराभूतांस चिडविण्याची रीतही मासळीचीच आहे : कोळंबी हा मासाच नव्हे, तो किडा होय, असे ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी म्हणावे, आणि इलिशच्या काट्यांवरून दुसऱ्या पक्षाने तोंडसुख घ्यावे.

या निवडीमागे स्वयंपाकघरातील जुना भेद आहे. पूर्वेकडील घरांत सुकी मासळी आणि तिखट अधिक. पश्चिमेकडील घरांत भाजीत किंचित साखर आणि खसखशीचे (‘पोस्तो’चे) पदार्थ अधिक. सरस्वतीपूजेच्या वेळी ‘जोडा इलिश’ म्हणजे इलिशची जोडी घरी आणून तिची पूजा करण्याची चाल पूर्वेकडील अनेक कुटुंबांत आहे. तेव्हा इलिशला मंगल प्रसंगी स्थान होतेच. विजयोत्सवाने ते घरातून रस्त्यावर आणले.

परंतु इलिशला जो गहिरा अर्थ आला तो नदीमुळे. उत्तम इलिश पद्मेचा, ही बंगाली रसनेची जुनी श्रद्धा; आणि पद्मा फाळणीनंतर सीमेपलीकडे गेली. इलिश समुद्रातून नदीत चढतो, अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात येतो. मूळ स्थानाकडे परतणाऱ्या माशाचे चिन्ह, ज्यांना परतता येत नव्हते अशांनी निवडले, असा अर्थ त्यांनी जाणूनबुजून योजिला होता असे म्हणता येणार नाही. तथापि हरवलेल्या नदीचा एक तुकडा ताटात यावा, एवढी भावना त्यात निश्चित होती. पुढे वस्तुस्थिती आणखी पालटली. बांगलादेशाने २०१२ मध्ये इलिशच्या निर्यातीवर बंदी घातली; २०१९ पासून दुर्गापूजेच्या सुमारास विशेष परवानगीने काही माल येऊ लागला. एरवी कलकत्त्याच्या बाजारातील बराच इलिश डायमंड हार्बर व दिघा या पश्चिम बंगालच्याच किनाऱ्यांवरून येतो. म्हणजे पूर्वेच्या आठवणीखातर जो मासा विजयाच्या दिवशी शिजतो, तो पुष्कळदा पश्चिमेच्या पाण्यातला असतो. चिन्ह टिकले, वस्तू बदलली. भाषेच्या इतिहासात शब्द टिकून अर्थ बदलल्याची उदाहरणे विपुल आहेत. त्याच जातीची ही घटना आहे.

माशाच्या जोडीला मशाल. ईस्ट बंगालच्या बोधचिन्हात मशाल आहे, मोहन बागानच्या बोधचिन्हात शिडाची नाव. पूर्वीच्या काळी गोल होताच किंवा विजय निश्चित होताच ईस्ट बंगालच्या गॅलरीत वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या पेटवून मशाली उंचावल्या जात. अरबीतून आलेला हा शब्द मराठी आणि बंगाली दोहोंत एकाच रूपात नांदतो. बंगालीत मात्र तो या एका क्लबच्या नावाशी इतका जोडला गेला की, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मशाल पेटली किंवा विझली एवढे लिहिले तरी निकाल समजतो.

६. नावे, उच्चार आणि टोपणनावे

या स्पर्धेतील दोन समूहांची नावे ‘बांगाल’ आणि ‘घोटी’ अशी आहेत. पैकी पहिले पुष्कळ जुने आहे. पूर्वेकडील लोकांस ‘बांगाल’ म्हणून त्यांच्या बोलीची थट्टा करण्याची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे नेता येते. वृंदावनदासाच्या ‘चैतन्यभागवता’त, तरुणपणी चैतन्य नवद्वीपात श्रीहट्टच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करून त्यांना चिडवीत असल्याचा प्रसंग आहे, आणि चैतन्यांचे पिताही श्रीहट्टचेच होते. १८६६ च्या ‘सधवार एकादशी’ या दीनबंधु मित्र यांच्या नाटकातील राममाणिक्य हे पात्र याच थट्टेवर उभे आहे. चित्रपटाच्या युगात ‘ओरा थाके ओधारे’ (१९५४) या बोलपटाने शेजारी राहणाऱ्या अशा दोन कुटुंबांची कथा पडद्यावर आणली, आणि ढाक्यात जन्मलेले विनोदी नट भानू बंदोपाध्याय यांनी बांगाल बोलीला हास्याबरोबरच प्रतिष्ठाही मिळवून दिली. ते स्वतः ईस्ट बंगालचे कट्टर चाहते होते.

बोलींतील भेद प्रत्यक्षात कोणते, हे मराठी वाचकास सांगणे सोपे आहे. पूर्वेकडील अनेक बोलींत च आणि ज यांचा उच्चार, मराठी ‘चांगला’, ‘चूल’, ‘जाळे’ या शब्दांतल्यासारखा दंततालव्य होतो. कलकत्त्याच्या कानाला जो उच्चार गावंढळ वाटतो तो पुण्यामुंबईच्या कानाला घरचा वाटावा. शब्दारंभीच्या श चा ह होतो. प्रथम पुरुषी भविष्यकाळी रूपे ‘खाबो’, ‘जाबो’ अशी न होता ‘खामु’, ‘जामु’ अशी होतात. नदिया-कलकत्ता भागातील बोली प्रमाण ठरल्याने हे सारे विशेष ‘अशुद्ध’ गणले गेले. शाळेत, कचेरीत ते लपवावे लागत. मैदानावरील गॅलरी ही ते न लपविण्याची जागा होती. विजयाच्या दिवशी तर बांगाल बोली मुद्दाम मोठ्याने बोलली जाई. थट्टेचा विषय तोच उत्सवाचे वाद्य बनला.

‘घोटी’ या शब्दाचा मूळ अर्थ धातूचे लहान जलपात्र; संस्कृत घट, घटी यांच्या कुळातला तो शब्द आहे. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांस तो का लागला याविषयी नाना कथा सांगितल्या जातात. चाहत्यांच्या बोलीत पुढे आणखी टोपणनावे आली : ईस्ट बंगालच्या चाहत्यास ‘लोटा’, मोहन बागानच्या चाहत्यास ‘माचा’. यांतील ‘माचा’ म्हणजे बांबूंचा मंच. मराठी माच, माचा यांचे मूळही तोच ‘मञ्च’ शब्द. मौज ही की ‘घोटी’ आणि ‘लोटा’ हे दोन्ही शब्द पाणी पिण्याच्या भांड्याचेच आहेत. परस्परांस हिणविण्यासाठी दोन्ही बाजूंनी अखेर एकाच माजघरातली भांडी उचलली. त्यात भर म्हणून, बांगाल आणि घोटी यांच्या विवाहातून जन्मलेल्या मुलास विनोदाने ‘बाटी’ म्हणतात. पहिल्या नावाचे पहिले अक्षर आणि दुसऱ्याचे शेवटचे. ‘बाटी’ म्हणजे मराठीतली वाटी. भेदाची भाषा जितकी तीव्र तितकी ती एकाच घरातील असते, हे यावरून ध्यानात येते.

हिणविणाऱ्या शब्दाने विजयाला कशी धार येते याचे ठळक उदाहरण १३ जुलै १९९७ चे आहे. फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यापूर्वी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या नावांच्या कोट्या केल्या : भुतिया यांना ‘चुंगचुंग’, ओमोलो यांना ‘ऑम्लेट’ आणि सोसो यांना ‘शसा’, म्हणजे काकडी. सॉल्ट लेकच्या युवभारती क्रीडांगणात त्या दिवशी १ लक्ष ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. पी. के. बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने सामना ४–१ असा जिंकला आणि बायचुंग भुतिया यांनी तीन गोल केले. तो विजय आजही स्मरतो तो धावसंख्येइतकाच त्या तीन शब्दांमुळे.

७. उत्सवाची दुसरी बाजू

शेजाऱ्यावरील विजयाचा एक धर्म असा की, पराभूत माणूस त्याच रस्त्यावर, पुष्कळदा त्याच इमारतीत राहत असतो. जल्लोष त्याच्या दारावरून जातो. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५–० असा पराभव केला. या दोघांमधील सामन्यांत एवढा मोठा फरक पुन्हा पडला नाही. १९७० ते १९७५ अशी सहा वर्षे लीग जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्यांचा तो कळसाचा दिवस होता. त्याच पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपविले; पुढील जन्मी चांगला फुटबॉलपटू होऊन याचे उट्टे काढण्याची इच्छा त्याने मागे लिहून ठेवली होती. एका बाजूस इलिश शिजत असता दुसऱ्या बाजूस हे घडले, ही गोष्ट उत्सवाच्या इतिहासातून वगळता येत नाही.

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर लीगच्या सामन्यात गॅलरीत मारामारी उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तेव्हापासून तो दिवस कलकत्त्यात ‘फुटबॉलप्रेमी दिवस’ म्हणून पाळला जातो व त्या दिवशी रक्तदान शिबिरे भरतात. १९८० च्या मृतांत पक्षभेद करता येत नव्हता. म्हणून त्यांच्या स्मरणाचा विधीही दोन्ही पक्षांना समान असाच निवडावा लागला. रक्ताला क्लबचा रंग नसतो. १९८४ मध्ये युवभारती क्रीडांगण सुरू झाल्यावर हे सामने क्रमाक्रमाने तेथे गेले. हिंसा त्यामुळे संपली असे नव्हे. ९ डिसेंबर २०१२ रोजी गॅलरीतून आलेल्या दगडाने मोहन बागानचे रहीम नबी जखमी झाले आणि सामना अर्ध्यावर सोडून देण्यात आला.

८. भेद ओसरला, उत्सव उरला

फाळणीनंतर आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आज कलकत्त्यात नांदत आहे. तिचा उच्चार कलकत्त्याचाच आहे. ‘खामु’, ‘जामु’ ही रूपे ती आजीच्या आठवणीने किंवा विनोदाने वापरते. घोटी-बांगाल विवाह सर्रास होतात. दोन्ही संघांत बंगालबाहेरचे आणि परदेशी खेळाडू मोठ्या संख्येने असतात. २५ ऑक्टोबर २००९ रोजी मोहन बागानने ५–३ असा जो विजय मिळविला त्यात चार गोल नायजेरियाच्या एडे चिडी यांचे होते. भेदाचे जवळजवळ सर्व भौतिक आधार नाहीसे झाले. आणि तरीही सामन्याच्या दिवशी एका घरात इलिश आणि दुसऱ्यात कोळंबी येतेच. बोली गेली, पण तिच्यासाठी रचलेला विधी राहिला. घराण्याचे मूळ सांगण्याची साधने एकेक करून संपत असता विजयोत्सव हेच त्याचे शेवटचे साधन म्हणून उरले, असा याचा अर्थ लावणे भाग आहे.

हे साधन केवळ करमणुकीचे नाही, हे १९ जानेवारी २०२० रोजी स्पष्ट झाले. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्ती आणि नागरिक नोंदवही यांवरून देशात वाद पेटला होता. त्या दिवशीच्या सामन्यात ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी एक भव्य फलक झळकविला. ही माती रक्त देऊन मिळविली आहे, कागद दाखवून नव्हे, असा त्याचा आशय होता. सामना मोहन बागानने २–१ असा जिंकला. पण ज्या आजोबांनी सियालदाच्या फलाटावर दिवस काढले त्यांच्या नातवाने उचललेला तो फलक पाहता, मैदानावरील गॅलरी ही सत्तर वर्षांनंतरही निर्वासितांच्या आठवणीचे दप्तर राहिली आहे, हे मान्य करावे लागते.

त्याच वर्षी या उत्सवाची एक विलक्षण परीक्षा झाली. महामारीमुळे इंडियन सुपर लीगचे सामने गोव्यात प्रेक्षकांविना खेळविले गेले. २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर या स्पर्धेतील पहिला ‘बड़ो मॅच’ झाला व मोहन बागानने (तेव्हाचे नाव ‘एटीके मोहन बागान’) तो २–० असा जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकासाठी हे संघ पूर्वी भिडले होते, तेव्हा निदान टाळ्या वाजविणारे लोक होते. वास्कोत बाके रिकामी होती. समुद्राकाठच्या त्या शांत मैदानात गोल झाले आणि त्यांचा अर्थ मात्र दीड-दोन हजार किलोमीटरवरील घरांत लावला गेला. खेळ एका ठिकाणी आणि उत्सव दुसऱ्या ठिकाणी, अशी फारकत यापूर्वी झाली नव्हती. क्लबच्या नावामागे लागलेली ‘एटीके’ ही अक्षरे मोहन बागानच्या चाहत्यांना शेवटपर्यंत रुचली नाहीत. २०२३ मध्ये ती काढली गेली. नावाविषयीची ही आस्था दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

सर्वात बोलकी घटना १८ ऑगस्ट २०२४ ची. कलकत्त्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ९ ऑगस्ट रोजी एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला होता आणि शहर क्षुब्ध होते. ड्युरँड चषकातील या दोन संघांचा त्या दिवशीचा सामना प्रशासनाने रद्द केला. तरीही चाहते युवभारती क्रीडांगणाजवळ जमले; लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून सदरे घातलेले, मिसळून, खांद्याला खांदा लावून. मोहमेडन स्पोर्टिंगचे चाहतेही आले. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, धरपकड केली. मागणी एकच होती, न्यायाची. न झालेल्या सामन्याच्या दिवशी, १९११ नंतर क्वचितच दिसलेली गोष्ट पुन्हा दिसली : गॅलरीचे दोन भाग एक झाले.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कलकत्त्यातील फुटबॉल-विजयोत्सवाची परिचित भाषा ही क्लबांइतकी जुनी नाही. तिचे घटक जुने असले, तरी त्यांना आजचा अर्थ १९४७ नंतरच्या विस्थापनाने दिला. दुसरी, या भाषेत हिणविणे आणि मिरविणे ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत. ‘बांगाल’ हा शब्द चार शतके थट्टेचा होता, त्याला अभिमानाचा शब्द करण्याचे काम व्याकरणकारांनी किंवा साहित्यिकांनी जेवढे केले त्याहून अधिक मैदानावरील गर्दीने केले. तिसरी, उच्चार, पोशाख, वस्ती आणि विवाह यांतील भेद नाहीसा झाल्यावरही उत्सव टिकतो, कारण पूर्वजांची आठवण वागविण्याचे ते सर्वात स्वस्त, सर्वात जाहीर आणि सर्वांना जमेल असे साधन आहे.

या साधनाची किंमतही द्यावी लागली आहे, हे १९७५ आणि १९८० या वर्षांनी दाखविले. ज्याच्यावर विजय मिळवावयाचा तो शेजारी आहे, हे विसरले की उत्सव घातक होतो. आणि ते स्मरले की २०२४ सारखा दिवस शक्य होतो. पद्मेचा मासा आणि हुगळीची कोळंबी ही दोन चिन्हे परस्परविरोधी दिसतात. परंतु या दोन्ही नद्या एकाच गंगेच्या शाखा आहेत, हे बंगालच्या नकाशावर कोणालाही पाहता येते.